'कॉल्ड' की 'कॉल्ड ऑफ'? मोडल, पॅसिव्ह आणि वाक्याच्या शेवटचा छोटा शब्द

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी सातपूरला संध्याकाळच्या बॅचला इंग्रजी शिकवते. बॅचमध्ये एमआयडीसीतले ऑपरेटर, सुपरवायझर, आयटीआय झालेली पोरंपोरी, दवाखान्यात काम करणाऱ्या मुली असे सगळे असतात. यांना रोज लागणारा आणि शाळेत जवळजवळ न शिकवलेला असा इंग्रजीचा एक तुकडा आहे. त्यावर मोकळेपणानं बोलावं म्हणून हा धागा.

'द मीटिंग मस्ट बी पुट ऑफ.' 'द स्विच शुड बी टर्न्ड ऑफ.' 'द कम्प्लेंट विल बी लुक्ड इन्टू.' आधी मोडल, म्हणजे 'मस्ट', 'शुड', 'विल', 'कॅन' असा शब्द, मग 'बी', मग क्रियापदाचं तिसरं रूप आणि शेवटी 'ऑफ', 'आउट', 'इन्टू', 'आफ्टर' यांपैकी काहीतरी. शाळेत मोडल एका धड्यात येतात, पॅसिव्ह, म्हणजे करणाऱ्याऐवजी ज्याचं काही करायचं त्याला पुढे ठेवणारं वाक्य, 'चेंज द व्हॉइस' म्हणून दुसऱ्या धड्यात येतो आणि फ्रेजल व्हर्ब, म्हणजे 'पुट ऑफ'सारखं छोटा शब्द जोडलेलं क्रियापद, ही पाठ करायची यादी असते. तिन्ही एकाच वाक्यात आली की पोरं अडखळतात, कारण तसं वाक्य त्यांनी स्वतः कधी घडवलेलंच नसतं.

चुका दोन जागी होतात. पहिली, 'बी' गळतो: 'द वॉल्व्ह मस्ट क्लोज्ड'. ही सरावानं लवकर सुटते. दुसरी जास्त घातक. शेवटचा छोटा शब्द गळतो. वाक्य ऐकायला पूर्ण वाटतं, व्याकरणातही बसतं आणि अर्थ भलताच निघतो.

'द मीटिंग शुड बी कॉल्ड ऑफ' म्हणजे मीटिंग रद्द करावी. 'ऑफ' राहिला की उरतं 'द मीटिंग शुड बी कॉल्ड', म्हणजे मीटिंग बोलवावी. नेमकं उलट. संपाबद्दल हेच वाक्य लिहून बघा, म्हणजे किती गोंधळ होऊ शकतो ते कळेल. 'द डॉक्टर शुड बी सेंट फॉर' म्हणजे डॉक्टरांना बोलावणं धाडावं. 'फॉर' गेला की डॉक्टरांनाच कुठेतरी पाठवून द्यायचं असा अर्थ होतो. 'सम वर्कर्स मे बी टेकन ऑन' म्हणजे काही कामगार भरती होऊ शकतील, आणि 'सम वर्कर्स मे बी लेड ऑफ' म्हणजे काहींचं काम जाऊ शकेल. 'लुक'ची तर अख्खी भावंडं आहेत. तक्रार 'लुक्ड इन्टू' (चौकशी), मूल 'लुक्ड आफ्टर' (सांभाळ), शब्द डिक्शनरीत 'लुक्ड अप' (शोधणं), पत्राचा मसुदा 'लुक्ड ओव्हर' (नजर फिरवणं). क्रियापद एकच, अर्थ ठरवणारा शब्द शेवटी.

तो गळतो का, याचं कारण मला असं दिसतं. साध्या वाक्यात त्याच्या आजूबाजूला कर्म असतं: 'वी मस्ट लुक आफ्टर द चाइल्ड'. पॅसिव्ह केलं की 'द चाइल्ड' उठून वाक्याच्या तोंडाशी जातं आणि 'आफ्टर' शेवटी एकटा पडतो. मुलांना तो उरलेला, चुकून राहिलेला वाटतो. पण याच जागेचा एक फायदाही आहे आणि तो कुणी सांगत नाही. साध्या वाक्यात 'कॉल इट ऑफ' म्हणायचं पण 'लुक आफ्टर इट' म्हणायचं, म्हणजे 'इट' कुठे घालायचा याची डोकेदुखी असते. पॅसिव्हमध्ये कर्म आधीच पुढे गेलेलं असतं, त्यामुळे तो प्रश्नच उरत नाही. या बाबतीत पॅसिव्ह सोपा आहे.

आता खरा मुद्दा. माझं म्हणणं असं की हे वाक्य 'चेंज द व्हॉइस' करून शिकवूच नये. ते थेट मराठीतून आणावं, कारण आपल्याकडे ही रचना तयार आहे आणि ती 'ढकलली जावी' अशी अवघडलेली नाही. घरात, कंपनीत आपण काय म्हणतो?

मीटिंग पुढे ढकलावी लागेल: विल हॅव टू बी पुट ऑफ.
ढकलायला हवी: शुड बी पुट ऑफ.
ढकलता येईल: कॅन बी पुट ऑफ.
ढकलता येणार नाही: कान्ट बी पुट ऑफ.
ढकलायला हवी होती: शुड हॅव बीन पुट ऑफ.
ढकलली असणार: मस्ट हॅव बीन पुट ऑफ.

कोण ढकलणार, हे यातल्या एकाही मराठी वाक्यात नाही. क्रियापद मीटिंगच्या मागे चालतं, 'ढकलावी', 'ढकलली'. कार्यक्रम असता तर 'ढकलावा' झालं असतं. म्हणजे ज्या वस्तूचं काहीतरी करायचं आहे तिला पुढे ठेवून, करणाऱ्याला न आणता बोलायची सवय मराठी माणसाला लहानपणापासून असते. 'पुढे ढकलणे' हेही दोन शब्दांचंच क्रियापद आहे, आणि त्यातला 'पुढे' कुणी मराठी माणूस विसरत नाही. मग 'ऑफ' विसरायचं कारण काय?

तुमच्या कामातली अशी वाक्यं आणा. अडचणीही आणा.

अंबडचा मेंटेनन्सवाला

ताई, धागा एकदम कामाचा. आमच्या शॉपमध्ये मशीनपाशी लावलेल्या सूचनांमध्ये हेच भरलेलं असतं. 'पॉवर मस्ट बी टर्न्ड ऑफ बिफोर द पॅनल इज ओपन्ड.' 'द गार्ड मस्ट नॉट बी टेकन ऑफ.' 'कूलंट शुड बी टॉप्ड अप.' 'रिजेक्टेड पार्ट्स मस्ट बी सेट असाइड.' मेंटेनन्सच्या वेळी मेन स्विचला कुलूप घालून टॅग लावतो, त्याला 'मस्ट बी लॉक्ड आउट' म्हणतात. तिथे 'आउट' गेला तर नुसतं 'लॉक्ड' उरतं आणि नवीन पोरगा पॅनलच्या दाराला कुलूप घालून मोकळा होतो, वीज तशीच चालू. जिवाशी खेळ आहे हा. म्हणून शेवटच्या शब्दाबद्दल तुम्ही लिहिलंय ते मला शंभर टक्के पटलं.

अडचण अशी की ब्रेकडाउनच्या रिपोर्टमध्ये पोरं 'द मशीन मस्ट बी ब्रोकन डाउन ड्यू टू ओव्हरलोड' असं लिहितात. ते खटकतं, पण का चूक ते मला त्यांना समजावता येत नाही.

गोदाकाठ

दादा, लॉक आउटचं उदाहरण मी उद्याच फळ्यावर लिहिणार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मराठीतच आहे. मशीन 'बंद पडलं' आणि मशीन 'बंद केलं'. पडलं ते आपोआप, केलं ते कुणीतरी. इंग्रजीत मशीन 'ब्रेक डाउन' होतं ते आपोआप होतं, कर्म नाही, म्हणून त्याचा पॅसिव्ह होत नाही. अंदाज सांगायचा तर 'द मशीन मस्ट हॅव ब्रोकन डाउन', मधे 'बीन' नको. मुद्दाम बंद केलं असेल तर 'मस्ट हॅव बीन शट डाउन' किंवा 'स्विच्ड ऑफ'. विमान 'टेक ऑफ' करतं तेही आपोआप, म्हणून ओझरचं विमान 'विल बी टेकन ऑफ ॲट टेन' चूक. पाहुणे 'टर्न अप' होतात, मुलं 'ग्रो अप' होतात, तिथेही पॅसिव्ह नाही.

पण तेच दोन शब्द दुसऱ्या अर्थानं आले तर पॅसिव्ह चालतो. 'डिझेल विल बी रन आउट' चूक, कारण डिझेल आपणहून संपतं: 'डिझेल मे रन आउट'. क्रिकेटमध्ये मात्र फलंदाजाला कुणीतरी धावबाद करतो, म्हणून 'ही शुड हॅव बीन रन आउट' अगदी बरोबर. पोरांना हे लगेच समजतं. विचारायचं एवढंच: कुणी केलं, की झालं? 'केलं' असेल तर 'बी' आण, 'झालं' असेल तर नको.

ओझरची लेक

+१. धावबादचं उदाहरण घरी मुलाला सांगितलं, एका फटक्यात समजलं त्याला.

जुने मास्तर, पंचवटी

आयुष्यभर मराठी आणि इंग्रजी दोन्ही शिकवलं, म्हणून लिहितो. बाईंचा मूळ मुद्दा योग्य आहे. मराठी व्याकरणात 'रामाकडून रावण मारला गेला' या वळणाला नवीन कर्मणी म्हणतात, आणि ते वळण इंग्रजीच्या वळणावरून आलं असं आम्ही शिकवत आलो. त्यामुळे इंग्रजी पॅसिव्ह शिकवायला तेच वळण वापरणं म्हणजे इंग्रजीच्या छायेतून इंग्रजी शिकवणं. आपल्या भाषेत शक्य कर्मणी आहे: 'आईच्याने आता काम करवत नाही.' शक्यता आणि कर्मणी एकाच क्रियापदात. 'कॅन बी' आणि 'कान्ट बी' शिकवताना मुलांना याची आठवण द्यायला हरकत नाही, कारण एका रूपात दोन अर्थ सांधण्याची कल्पना त्यांना परकी नाही.

मात्र दोन गोष्टींना माझा आक्षेप. एक, आम्हाला शिकवलं गेलं की वाक्य प्रिपोझिशनवर, म्हणजे 'आफ्टर', 'विथ' अशा शब्दावर, संपवू नये. 'द चाइल्ड मस्ट बी लुक्ड आफ्टर' हे कानाला अपुरं वाटतं. दोन, कर्ता गाळायची सवय लावू नये. 'बाय अस', 'बाय द टीचर' लिहिल्याशिवाय वाक्य पूर्ण होत नाही, असं परीक्षेच्या पेपरात आम्ही तपासत आलो.

गोदाकाठ

सर, शक्य कर्मणीचा धागा तुम्ही जोडलात, फार आनंद झाला.

प्रिपोझिशनच्या नियमाबद्दल माझं मत ठाम आहे. हा नियम इंग्रजीच्या पोटातून आलेला नाही. १६७२ मध्ये कवी जॉन ड्रायडननं आधीच्या पिढीतल्या बेन जॉन्सनच्या ओळीत शेवटी आलेल्या प्रिपोझिशनवर बोट ठेवलं, आणि पुढच्या काळात लॅटिनच्या धर्तीवर इंग्रजी शिकवणाऱ्यांनी तो संकेत नियम म्हणून पसरवला. बोलणारे लोक त्याआधीही आणि नंतरही शेवटी प्रिपोझिशन ठेवतच आले. आणि आपल्या वाक्यात पर्याय तरी कुठे आहे? 'आफ्टर मस्ट बी लुक्ड द चाइल्ड' असं कुणी म्हणणार नाही. 'आफ्टर' जाणार कुठे? त्याची जागा क्रियापदाच्या मागेच. तीन शब्दी क्रियापदात तर शेवटी दोन उभे राहतात: 'दिस नॉइज कान्ट बी पुट अप विथ' (हा आवाज सहन करता येत नाही), 'द ओल्ड सिस्टिम शुड बी डन अवे विथ' (जुनी पद्धत मोडीत काढायला हवी). हे इंग्रजी चांगलं आहे.

'बाय'बद्दल: पेपरात मुलाचे मार्क जाऊ नयेत म्हणून लिहू द्या. पण रोजच्या वापरात 'द फॉर्म मस्ट बी फिल्ड इन बाय यू' असं कुणी म्हणत नाही. कर्ता सांगायचाच असेल तर 'यू मस्ट फिल इन द फॉर्म' हे सरळ वाक्य आहे. कर्ता माहीत नाही, उघड आहे किंवा सांगायची गरज नाही, म्हणून तर पॅसिव्ह घेतला. 'द हाउस मस्ट हॅव बीन ब्रोकन इन्टू', घर फोडलेलं दिसतंय. इथे 'बाय अ थीफ' जोडून नवीन काय कळलं?

जुने मास्तर, पंचवटी

दुसरा मुद्दा मान्य. पहिल्यावर माझा कान अजून वळत नाही, पण तर्क तुमचा आहे.

पिंपळगावचा द्राक्षवाला

ताई, आमच्याकडची वाक्यं घ्या. युरोपला माल जातो, त्यामुळे सीझनमध्ये इंग्रजी मेल सतत. पुतण्या लिहितो, मी वाचतो.

बागेची कामं तर सगळी याच साच्यात बसतात. एप्रिलची खरड छाटणी: 'द केन्स मस्ट बी कट बॅक'. घडांची विरळणी: 'द बंचेस शुड बी थिन्ड आउट'. पॅकहाउसमध्ये फुटके, डागी मणी कात्रीनं काढायचे: 'डॅमेज्ड बेरीज मस्ट बी ट्रिम्ड ऑफ'. प्रीकूलिंगला 'द टेम्परेचर मस्ट बी ब्रॉट डाउन क्विकली'. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे नवीन बागायतदाराला समजतच नाही: 'रेसिड्यू कॅनॉट बी वॉश्ड ऑफ'. औषध झाडात भिनलं की पाण्यानं धुऊन जात नाही. म्हणून फवारणी ते तोडणी यातलं अंतर पाळायचं, त्याला पर्याय नाही.

एकदा खरेदीदाराचा मेल आला: 'द कन्साइनमेंट मे बी टर्न्ड डाउन.' पुतण्याला वाटलं काहीतरी कमी करतील, भाव कमी करतील. 'टर्न डाउन' म्हणजे त्यानं टीव्हीचा आवाज कमी करणं ऐकलेलं. खरा अर्थ माल नाकारला जाऊ शकतो. आणि 'मे' आहे, 'विल' नाही, म्हणजे अजून वेळ आहे, रिपोर्ट पाठवता येईल. दोन्ही शब्द नीट वाचल्याशिवाय मेलचा अर्थ लागला नसता.

माझा प्रश्न: पुतण्या 'द शिपमेंट विल कॅन बी सेंट आउट ऑन मंडे' असं लिहितो. ते चालतं का?

गोदाकाठ

दादा, 'कट बॅक' आणि 'वॉश्ड ऑफ' ही दोन उदाहरणं आजवर कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकात मला इतकी चपखल मिळाली नव्हती.

'विल कॅन' चालत नाही. इंग्रजीत दोन मोडल पाठोपाठ येत नाहीत, एकाला एकच जागा. मराठीत आपण 'पाठवता येऊ शकेल' म्हणतो, 'येणे' आणि 'शकणे' दोन्ही, म्हणून पुतण्याच्या हातून दोन उतरतात. तिथे नुसतं 'कॅन बी सेंट आउट ऑन मंडे' पुरे.

पण दोन अर्थ खरोखरच हवे असतील तर? 'पाठवणं पुढे ढकलावं लागू शकतं.' यात शक्यताही आहे आणि सक्तीही. तेव्हा दुसरा मोडल बदलून 'हॅव टू' आणायचा: 'द शिपमेंट मे हॅव टू बी पुट ऑफ.' तसंच 'विल हॅव टू बी', 'माइट हॅव टू बी'. 'विल मस्ट' नाही, 'मे मस्ट' नाही. व्यापारी पत्रव्यवहारात 'मे हॅव टू बी' फार उपयोगी आहे, कारण वाईट बातमी आधी कळवते आणि दार उघडं ठेवते.

सिस्टर, नाशिकरोड

आमच्या वॉर्डात सकाळपासून रात्रीपर्यंत हेच. 'द ऑपरेशन मे हॅव टू बी पुट ऑफ इफ द शुगर कान्ट बी ब्रॉट डाउन.' एका वाक्यात दोन वेळा. 'द स्टिचेस कॅन बी टेकन आउट नेक्स्ट वीक.' 'द साइड रेल्स मस्ट बी पुट अप ॲट नाइट.' 'ही शुड बी प्रॉप्ड अप ऑन टू पिलोज.' केरळच्या सिस्टर आमच्याबरोबर आहेत, त्यांच्याशी ड्युटी बदलताना सगळं इंग्रजीत सांगावं लागतं, आणि अर्धवट सांगितलं तर पेशंटला भोगावं लागतं.

मला विचारायचंय ते काल घडून गेलेल्या गोष्टीबद्दल. 'काल ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं' याला नवीन मुली 'मस्ट हॅव बीन पुट ऑफ यस्टरडे' लिहितात. मला ते वाचून शंका येते की यांना नक्की माहीत आहे की नुसता अंदाज?

गोदाकाठ

सिस्टर, तुमची शंका अगदी योग्य आहे. 'मस्ट'चे दोन चेहरे आहेत. 'मस्ट बी पुट ऑफ' यात सक्ती. 'मस्ट हॅव बीन पुट ऑफ' यात अंदाज: ढकललेलं असणार, ऑपरेशन थिएटरमध्ये कुणी दिसत नाही. घडून गेलेली सक्ती 'मस्ट'नं सांगताच येत नाही, तिथे 'हॅड टू' लागतं: 'द ऑपरेशन हॅड टू बी पुट ऑफ यस्टरडे.' केसपेपरवर अंदाज आणि घडलेली गोष्ट यांची गल्लत नको, म्हणून हा फरक तुमच्या मुलींना आधी शिकवा.

'शुड हॅव बीन' तिसरंच सांगतं. 'द डॉक्टर शुड हॅव बीन सेंट फॉर', म्हणजे बोलवायला हवं होतं, बोलावलं नाही. त्यात दोष दाखवला जातो, म्हणून जपून. 'कुड हॅव बीन' त्यापेक्षा सौम्य: बोलावता आलं असतं.

गंगापूर रोड, रात्रपाळी

मी सपोर्टमध्ये आहे, परदेशी ग्राहकांशी रात्रभर बोलतो. लिहिण्याइतकंच उच्चाराबद्दल बोला. आपण 'इट कॅन बी बॅक्ड अप' म्हणताना 'कॅन' ठासून म्हणतो. समोरच्याला ते 'कान्ट'सारखं ऐकू येतं, कारण त्यांच्या बोलण्यात होकाराचा 'कॅन' जवळजवळ 'कन' इतका हलका असतो आणि ठासून म्हटला जातो तो नकार. अमेरिकन कानाला तर जास्तच, त्यांच्या 'कॅन्ट'चा शेवटचा 'ट' नीट ऐकूही येत नाही. होकार सांगितला आणि ग्राहकानं नकार समजून फोन ठेवला, असं आमच्या फ्लोअरवर होतं.

त्यावर आम्ही नव्या पोरांना असं शिकवतो: 'कन बी' पटकन सोडून द्या, जोर 'बॅक्ड'वर थोडा आणि 'अप'वर पूर्ण. नकार असेल तर 'कॅनॉट' पूर्ण म्हणा.

गोदाकाठ

हे सगळ्यांनी वाचा. यात अजून एक बारकावा जोडते. 'कॉल्ड ऑफ', 'पुट ऑफ', 'बॅक्ड अप', 'टर्न्ड डाउन' यात जोर छोट्या शब्दावर. 'लुक्ड आफ्टर', 'लुक्ड इन्टू', 'सेंट फॉर', 'रिलाइड ऑन' यात जोर क्रियापदावर, पण छोटा शब्द गिळायचा नाही, पूर्ण उच्चारायचा. मुलांना मी वाक्य म्हणताना शेवटच्या शब्दाला बाकावर हात टेकायला लावते. हात टेकला की शब्द गळत नाही.

पाथर्डी फाटा

थोडा विरोधी सूर लावतो. मला ही रचना शिकवण्याबद्दलच शंका आहे. ऑफिसमध्ये तक्रार केली की उत्तर येतं 'द मॅटर विल बी लुक्ड इन्टू'. कोण बघणार? कधी? काहीच नाही. 'स्टेप्स शुड बी टेकन', 'ड्यूज शुड बी क्लिअर्ड ऑफ'. जबाबदारी झटकायला यासारखी सोय नाही. आपली पोरं हीच भाषा शिकली तर तीही असंच लिहितील. त्यापेक्षा 'आय विल लुक इन्टू इट बाय फ्रायडे' का शिकवू नये?

गोदाकाठ

तुमचा राग रास्त आहे, आणि तो मी बॅचमध्ये आधी सांगते. 'विल बी लुक्ड इन्टू' असं उत्तर देणाऱ्यानं नाव आणि तारीख द्यायलाच हवी. जिथे कोण करणार हाच प्रश्न आहे तिथे पॅसिव्ह घेऊ नये, हे मी नियम म्हणून शिकवते. आणि मुलांना उलट प्रश्नही शिकवते: 'हू विल लुक इन्टू इट, अँड बाय व्हेन?' समोरच्यानं पॅसिव्हमध्ये लपवलेला कर्ता प्रश्न विचारून बाहेर काढता आला पाहिजे.

पण मेंटेनन्सवाल्या दादांच्या सूचना बघा. 'द गार्ड मस्ट नॉट बी टेकन ऑफ.' कुणीच काढायचा नाही, ऑपरेटर असो की मॅनेजर. तिथे कर्ता आणला तर सूचना लंगडी होईल. सिस्टरांचं 'द स्टिचेस कॅन बी टेकन आउट' घ्या. टाके कोण काढणार ते त्या दिवशी ड्युटीवर असेल त्यावर ठरेल, महत्त्वाचं हे की आता काढता येतात. आणि ही भाषा पोरांना लिहिता नाही आली तरी वाचता आलीच पाहिजे. बँकेचं पत्र, विमा, नेमणूकपत्र सगळं याच भाषेत येतं. 'युअर सर्व्हिसेस मे बी डिस्पेन्स्ड विथ', म्हणजे नोकरीवरून काढलं जाऊ शकतं. ते वाक्य न समजता सही करणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यांना हे शिकवणं मला फार गरजेचं वाटतं.

पाथर्डी फाटा

वाचता यायला हवं, हे पटलं. उलट प्रश्नाचं वाक्य लिहून घेतलं.

गुरांचा डॉक्टर, दिंडोरी

एक भर घालतो. 'द डॉग मस्ट बी पुट डाउन.' नवीन असिस्टंटला वाटलं कुत्रं टेबलावरून खाली ठेवायचं. त्याचा अर्थ असाध्य आजारात इंजेक्शन देऊन शांतपणे मरण देणं. मालक समोर रडत उभा असतो. अशा वेळी शब्दाचा अर्थ माहीत नसणं फार क्रूर होऊन बसतं.

घाटावरचा स्वयंसेवक

२०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावर सेवा दिली होती, २०२७ लाही देणार आहे. आमच्या गटात इंग्रजी फलकांच्या मजकुराची चर्चा चालू आहे. दक्षिणेतून येणारे भाविक आणि परदेशी पाहुणे इंग्रजीच वाचतात. मी लिहिलेला मजकूर असा:

'फुटवेअर मस्ट बी टेकन ऑफ.'
'चिल्ड्रन मस्ट बी लुक्ड आफ्टर.'
'लॉस्ट चिल्ड्रन शुड बी हँडेड ओव्हर टू द पोलीस.'
'फ्लॉवर्स शुड बी ड्रॉप्ड ऑफ ॲट द निर्माल्य कलश.'

कृपया तपासून द्या.

जुने मास्तर, पंचवटी

व्याकरण बरोबर आहे. पण फलकावर इतके शब्द कशाला? गर्दीतला माणूस चालता चालता वाचतो. 'रिमूव्ह फुटवेअर' एवढं पुरेसं आहे. तमिळ किंवा तेलुगू भाविकाला 'टेकन ऑफ'पेक्षा 'रिमूव्ह' लवकर कळेल, कारण शाळेच्या पुस्तकात तोच शब्द त्यानं वाचलेला असतो.

गोदाकाठ

सरांशी पूर्ण सहमत. यातल्या बऱ्याच दोन शब्दी क्रियापदांना एक शब्दी भावंड असतं. 'पुट ऑफ'ला 'पोस्टपोन', 'लुक इन्टू'ला 'इन्व्हेस्टिगेट', 'पुट आउट'ला 'एक्स्टिंग्विश', 'टेक ऑफ'ला 'रिमूव्ह'. बोलण्यात, फोनवर, मेलमध्ये दोन शब्दी क्रियापद मोकळं वाटतं. फलकावर, जिथे वाचणाऱ्याची मातृभाषा इंग्रजी नाही, तिथे एक शब्दी आणि थेट आज्ञार्थी वाक्य चांगलं. 'चिल्ड्रन मस्ट बी लुक्ड आफ्टर' तर अजिबात नको, त्यात काय करायचं तेच कळत नाही. 'होल्ड युअर चाइल्ड्स हँड' लिहा.

हरवलेल्या मुलांच्या फलकावर मात्र तुमचं वाक्य राहू द्या. तिथे वाचणारा कुणीही असू शकतो आणि मूल कुणाच्या हाती द्यायचं हे महत्त्वाचं. फक्त 'द पोलीस'च्या जागी जवळच्या मदत केंद्राचा खांब क्रमांक घाला, म्हणजे शोधावं लागणार नाही. निर्माल्याला 'पुट फ्लॉवर्स हिअर' आणि खाली बाण, कलशाच्या अगदी शेजारी.

लाउडस्पीकरवरच्या घोषणांना मात्र पॅसिव्ह हवा, कारण तिथे बातमी द्यायची असते: 'द रोड विल बी क्लोज्ड ऑफ फ्रॉम फोर ओ'क्लॉक.' 'द बसेस मे बी हेल्ड अप.' या घोषणा करणाऱ्या मुलांना आधी सरावाला बसवा, शेवटचे 'ऑफ' आणि 'अप' गर्दीच्या आवाजात पहिले हरवतात.

घाटावरचा स्वयंसेवक

खांब क्रमांकाची सूचना गटात टाकली. घोषणा करणारी सात-आठ मुलं आहेत, बहुतेक कॉलेजची. सरावासाठी तुमच्या बॅचला आणली तर चालेल का?

गोदाकाठ

रविवारी सकाळी आणा, हॉल मोकळा असतो. रात्रपाळीवाल्या दादांना जमलं तर त्यांनीही यावं, उच्चार त्यांच्याकडूनच करून घेऊ.

गंगापूर रोड, रात्रपाळी

रविवारी सुट्टी असते, येतो. हेडफोन आणि रेकॉर्डर आणतो, मुलांना त्यांचा स्वतःचा आवाज ऐकवू.